उपवासाने वाढलेले वजन

ज्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा कापसाविषयीची भाषणे अधिक पिकत होती, त्या वर्षांत मी बाभुळगावच्या तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली अर्ज लिहीत बसत असे. आजही बसतो. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु सातवी शिकून इतके शुद्ध लिहिणारा माणूस तालुक्यात दुसरा नाही, असे एका नायब तहसीलदारांनी चारचौघांत म्हटले होते. ते पुढे बदलून गेले, त्यांचे वाक्य मात्र मी जाऊ दिले नाही.

त्या काळात दिल्लीहून आणि मुंबईहून पाहणी करणारी पथके येत. त्यांच्या गाड्या धुरळा उडवीत गावात शिरत, साहेब लोक बांधावर उभे राहत, आणि बियाणे, फवारणी, भाव, पाऊस यांविषयी प्रश्न विचारत. शेतकऱ्याच्या मनःस्थितीविषयीही विचारत आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच उत्तर लिहून घेत. घरातल्या बायका आतून चहा करून पाठवीत. त्या बायका स्वतः काय खातात, केव्हा खातात, हे कोणत्याही पथकाने विचारल्याचे माझ्या माहितीत नाही. मीही विचारले नव्हते. पण मी काही पथक नव्हतो.

अशाच एका वर्षी, हिवाळा सरता सरता, माझ्या भाचीला तिच्या सासऱ्याने एसटीतून आणून माझ्या दारात सोडले. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक. मेहुणे अकाली वारल्यापासून बहीण माझ्या शेजारच्या खोलीत राहते. मुलीचे लग्नही मीच पुढे होऊन राळेगाव तालुक्यातील एका शेतकरी घरात लावून दिले होते. घर चांगले, जमीन काळी, माणसे देवभोळी. लग्नाला तीन वर्षे उलटली तरी मूल नव्हते, एवढेच मला ऐकून ठाऊक होते.

सासरेबुवांनी तिची पिशवी ओट्यावर ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि मिशा पुसत म्हणाले, "मामा, पोरीत काईतरी बिघाड हाये. तुमी शिकेल मानूस, दाखवा कोनाले तरी. दुरुस्त झाली का कळवा, घेऊन जातो."

"आणि नाही झाली तर?"

"मंग कागद लिवनारे तुमीच हा. फारकतीचा कागद कसा लिवतात, थे मी तुमाले काय सांगू?"

विहिरीवरची मोटर जळाली की ती काढून बैलगाडीत टाकतात आणि मिस्त्रीकडे पोहोचवतात, तसे त्यांनी हे काम उरकले. मी हिशेब लावून पाहिला, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शेवटची वेचणी त्याच आठवड्यात आटोपली होती. म्हणजे हा जो काही बिघाड होता, तो कापूस वेचून होईपर्यंत त्या कुटुंबाला व्यवस्थित चालला होता.

भाची आत गेली. लग्नात शेवग्याच्या शेंगेसारखी असलेली मुलगी आता दाराच्या दोन्ही बाह्यांना विचारून आत जाईल अशी झाली होती. मानेचा मागचा भाग काळवंडला होता, हनुवटीवर केस आले होते आणि ते लपवण्यासाठी ती पदर दातात धरून बोलत होती. त्यापलीकडची एक बाब होती, जी मी कोणत्याही अर्जात कधी लिहिलेली नाही आणि जी घरच्या मंडळींनी मला स्वयंपाकघराच्या दारातून अर्ध्या वाक्यात सांगितली: तिची पाळी कित्येक महिन्यांपासून आली नव्हती.

आमच्या गल्लीत डॉक्टर एकही नाही, त्यामुळे निदान त्वरित होते. कोणी म्हणाले अंगात उष्णता आहे, कोणी म्हणाले थंडी बसली आहे. कोणी पपई बंद करण्यास सांगितले, कोणी पपईच द्या म्हणाले. सर्वांचे एकमत एकाच मुद्द्यावर झाले, की मुलगी खादाड आहे.

"खादाड?" माझी बहीण कळवळून म्हणाली. "अवं माय, सोमवार करते, गुरवार करते, शनवार करते. सासूनं सोया सोमवार धरून देले. अर्धा हप्ता तं उपाशीच राह्यते बिचारी!"

"उपाशी राहून एवढी?" समोरच्या घरातली बाई म्हणाली. "मंग जेवली असती तं तुह्या दारातून आत नसती मावली, बाई!"

बहिणीने या टोमण्यावर विचार केला आणि तिला एकच उपाय दिसला. तिने मंगळवार वाढवला आणि चतुर्थीही धरली. म्हणजे मुलीचे वजन कमी व्हावे म्हणून तिला पोटभर साबुदाण्याची उसळ, आलूचा कीस, शिंगाड्याचा शिरा, केळी आणि दोन-दोन वेळा साखरेचा चहा मिळू लागला. आमच्याकडे उपवास या शब्दाचा असा अर्थ आहे. देवासाठी अन्न सोडायचे, म्हणजे भाकरी सोडायची आणि तिच्या जागी जे काही तुपात परतता येईल ते खायचे. महिनाभरात भाची आणखी जड झाली. बहीण म्हणाली, देव परीक्षा पाहून राह्यला. मी म्हणालो, देवाने परीक्षा घ्यायची आणि निकाल फारकतीच्या कागदावर मी लिहायचा, हे मला मान्य नाही. आणि मी तिला यवतमाळला घेऊन गेलो.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बाकांवर बसलेल्या बायकांची संख्या पाहून मला वाटले होते, की आपली गोष्ट काही विशेष असेल. तशी ती नव्हती. निम्म्या बायकांच्या माना तशाच काळवंडलेल्या होत्या आणि निम्म्यांच्या शेजारी माझ्यासारखा एकेक पुरुष घसा साफ करीत बसला होता.

आमचा क्रमांक लागल्यावर मी पुढे सरसावलो. कोणत्याही प्रकरणाची मांडणी कशी करावी हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मी उभा राहून सुरुवात केली: "महोदया, सदर मुलीचा विवाह होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला असून, अद्यापपावेतो तिला अपत्यप्राप्ती झालेली नाही, तसेच तिच्या मासिक धर्मासंबंधी..."

"मामा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाळी तुम्हाला येते का?"

"नाही."

"मग बसा. तिला बोलू द्या."

तीस वर्षांच्या कारकिर्दीत माझा अर्ज पहिल्याच वाक्यावर इतक्या थोडक्यात कोणी निकाली काढला नव्हता. मी बसलो.

सोनोग्राफी झाली. बीजकोशांवर मोत्यांच्या माळेसारखे बारीक बारीक फोड दिसत होते. डॉक्टरबाईंनी आजाराचे नाव सांगितले, पीसीओएस. त्यांनी समजावून सांगितले ते असे, की रक्तातली साखर पेशींच्या आत पोहोचवण्याचे काम इन्सुलिनचे असते. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की शरीर आणखी इन्सुलिन तयार करते, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे बीजकोशांचे काम बिघडते. बहुतेकांना हे कळले नसते. मला ताबडतोब कळले, कारण मी आयुष्य कचेरीसमोर काढले आहे. शिपाई टपाल घेऊन जातो, साहेब दार उघडीत नाही. म्हणून दुसरा शिपाई पाठवतात, मग तिसरा. दार तसेच बंद. पण व्हरांड्यात शिपायांची एवढी दाटी होते, की शेजारच्या खोलीतले काम ठप्प होते. आमच्या भाचीच्या शेजारच्या खोलीतले काम असे ठप्प झाले होते.

"आता सांग, काय खातेस?" डॉक्टरबाईंनी तिला विचारले.

"काई नाई, मॅडम. उपास असते."

"कधी?"

भाचीने वार सांगितले. उरलेले दिवस सांगणे सोपे गेले असते.

"उपासाला काय असतं?"

भाचीने तेही सांगितले. उसळ, कीस, शिरा, केळी, चहा. प्रत्येक पदार्थाबरोबर डॉक्टरबाईंची लेखणी कागदावरून थोडी वर उचलली जात होती; शेवटी त्यांनी ती खालीच ठेवली.

"अगं, साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ. त्यावर आलू, त्यावर साखर. आठवड्यातले चार दिवस तू देवाच्या नावानं साखरच खातेस. ज्या आजारात हे सगळ्यात कमी खायला पाहिजे, त्यात तू हेच सगळ्यात जास्त खातेस. एवढे उपास सांगितले कोणी तुला?"

"एक सासूनं सांगतला," भाची म्हणाली. "दोन आता आईनं. बाकीचे मीच धरले."

"का?"

तिने पदर तोंडातून काढला आणि म्हणाली, "उपासाच्या दिवशी लवकर खायले भेटते, मॅडम."

"म्हणजे?"

"सकायी चहा पिऊन वावरात जातो. दुपारी येतो, सयपाक करतो. मामंजी जेवतात, मंग हे जेवतात, गडी जेवते, मंग सासू. माहा नंबर येते तं तीन वाजून जातात. अन् तवा भात राह्यते नुसता, वरनाचं पानी राह्यते. पन उपास असला तं सकायीच उसय करून खाल्ली तरी कोनी काई म्हनत नाई. थे जेवन नाई ना. सून मानसाच्या आंधी जेवली, असं होत नाई त्यात. म्हनून मी गुरवार धरला. मंग शनवार धरला."

डॉक्टरबाई माझ्याकडे पाहू लागल्या, जणू ही प्रथा मीच टंकलिखित करून गावोगाव वाटली होती. माझ्या मनात मात्र त्या क्षणी निराळाच विचार आला. कायद्याच्या पुस्तकातली पळवाट शोधण्यासाठी लोक वकील लावतात. या पोरीने कोणाला न विचारता, एका घराच्या शिस्तीत असलेली एकमेव पळवाट शोधली होती आणि भुकेपोटी त्या वाटेने ती आठवड्याचे तीन दिवस ये-जा करीत होती. तिथे एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती वाट साबुदाण्याने भरलेली होती. घरचे म्हणत होते, मुलगी धार्मिक आहे. मुलगी भुकेली होती.

डॉक्टरबाईंनी छापील आहारपत्रिका काढली. त्यावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि उकडलेल्या माशाचे चित्र होते. त्यांनी ती पाहिली, आम्हाला पाहिले आणि परत खणात टाकली. "ज्वारीची भाकर खा," त्या म्हणाल्या. "तुरीचं वरण घट्ट, पाणी नाही. अंबाडी, पालक, मेथी, जे मिळेल ते. अंडं चालत असेल तर अंडं. साखर बंद, चहात बी बंद. आणि सकाळी दहाच्या आत पोटात जेवण गेलं पाहिजे. तीन वाजता नाही. ही एक गोळी देते. हा आजार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो."

"आणि अपत्य?" मी विचारले, कारण प्रकरणातील मुख्य मागणी तीच होती.

"बऱ्याच जणींना होतं. आधी तिला जेवू तर द्या."

ज्वारीची भाकर! आमच्या लहानपणी दुसरे काही मिळत नव्हते म्हणून रडत खाल्लेली भाकर आता औषधाच्या चिठ्ठीवर आली होती. ती शोधण्यासाठी मी बाभुळगावच्या बाजारात गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ज्वारी? मामा, कोंबड्या पायल्या काय?" ज्वारी आता कोंबड्या पाळणारेच नेत, त्यामुळे त्याचेही बरोबर होते. ज्या वर्षांत बोंडअळी आणि भाव या दोनच विषयांवर माणसे बोलत होती, त्या वर्षांत लोकांनी कापसाची पऱ्हाटी घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून लावली होती. ज्वारी पेरली तर पाखरे आणि रानडुकरे खातात, कापूस कोणी खात नाही, असा त्यामागे विचार होता. विचार खरा ठरला. कापूस कोणालाच खाता येत नाही, पेरणाऱ्यालाही नाही. ताटात मग राशनचा तांदूळ आणि गहू आला आणि आमच्या बायका म्हणू लागल्या, आता आपले दिवस बदलले.

माझ्या बहिणीचा तर तो अभिमानाचा विषय होता. "लेकीले भाकर चारू?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतीन, भाऊ? एवढा मोठा मामा अन् घरात गहू नाई!"

"लोक सध्या तुझी लेक टाकून दिली, असे म्हणतात. त्यापेक्षा हे बरे."

"अन् सोया सोमवारातले नऊ झाले, सात राह्यले. मधात सोडले तं देव कोपन."

तेव्हा भाची पहिल्यांदा हसली. "आई, देवाले साबुदाना माहीत तरी हाये का? थो तं किराना दुकानदाराले माहीत हाये."

कचेरीसमोर चहाचे दुकान चालवणारी एक बाई आहे. तिच्या घरी उपवास नाहीत, कारण तिच्या सासूने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव आणि देवांचे वार दोन्ही गेले. माझी ज्वारीची शोधाशोध ऐकून ती इतकी हसली, की तिने माझ्या चहात साखर घालायची विसरून ती गिऱ्हाइकाच्या पाण्यात घातली.

"काहून हासतेस?"

"मंग काय करू, भाऊ? आमच्या सासूनं दीक्षा घेतली अन् उपासातून सुटली. तुमच्या लोकायले आता डॉक्टरीन दीक्षा देऊन राह्यली, थे बी पैसे घेऊन!" असे म्हणून तिने आपल्या भावाच्या वावरातली ज्वारी मिळवून दिली. त्याने घरापुरती दोन तासे, म्हणजे दोन ओळी, पेरली होती आणि पाखरे हाकायला आपली म्हातारी आई बसवली होती.

पुढचे तीन महिने माझ्या घराशेजारी सकाळी दहाच्या सुमारास भाकरी थापण्याचा आवाज येत असे. भाची पाटावर बसून जेवे. सुरुवातीला ती भराभर गिळत असे, कोणीतरी येऊन उठवील या धाकाने. नंतर तिने चावण्यास सुरुवात केली. बहीण आधी दार लावून भाकरी करी, जणू गावठी दारू काढते आहे. नंतर दार उघडे राहू लागले. भर उन्हाळ्यात एके दिवशी बहीण धावत माझ्याकडे आली, तिचे डोळे भरले होते आणि हातात पेढे होते. बाब अशी होती, जी तिला बोलता येत नव्हती आणि मला ऐकता येत नव्हती. मागून भाची आली.

"पाळी आली, मामा," ती सरळ म्हणाली. "आई, पेढे मामालेच दे. मले साखर बंद हाये."

वजन थोडे उतरले होते, फार नाही. हनुवटीचे केस होते तसेच होते. दुसऱ्या महिन्यातही पाळी आली, तेव्हा मी सासरी निरोप धाडला. मृग तोंडावर आला होता, शेते नांगरून तयार होती आणि सरकी टोबायला, म्हणजे बी मातीत खोचायला, माणसे हवी होती. त्यामुळे माझ्या निरोपाला जितक्या तत्परतेने उत्तर आले, तितकी तत्परता मी कोणत्याही शासकीय कार्यालयात पाहिली नाही. चार दिवसांत सासरा, सासू आणि जावईबापू असे तिघेही माझ्या बैठकीत येऊन बसले. जावईबापू म्हणजे शांत माणूस. आपल्या वाट्याची भूक आणि आपल्या वाट्याचे बोलणे दोन्ही ते वडिलांवर सोपवीत.

"झाली म्हन्ता दुरुस्त?" सासरेबुवा म्हणाले. "मंग चाल व पोरी, बांध पिसवी."

भाची दारात उभी होती. पदर डोक्यावर होता, तोंडात नव्हता.

"येतो मी," ती म्हणाली. "पन मले सकायी दहा वाजता जेवन पाह्यजे. दोन भाकरी, वरन, भाजी. बसून. तुमी जेवले असान नसान."

सासरेबुवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मानसायच्या आंधी?" सासरेबुवा माझ्याकडे वळले. "मामा, हे काय शिकोलं तुमी? आमच्या खानदानीत सून सासऱ्याच्या आंधी जेवली, असं झालंच नाई. अवं पोरी, दुसरं काई माग. खोलीत पंखा लावून देतो. मोबाईल पाह्यजे? देतो घेऊन. दवाखाना पाह्यजे, नेतो दर महिन्याले. पन हे नोको मागू."

पंखा मंजूर, मोबाईल मंजूर, दवाखाना मंजूर; दोन भाकरी नामंजूर. मी आयुष्यात अनेक निकाल वाचले आहेत, असा निकाल वाचला नव्हता. बहीण आतून मला खुणावत होती, की मुलीला समजवा, संसार मोडेल. सासरेबुवांनी टोपी गुडघ्यावरून उचलून डोक्यावर घातली, म्हणजे ते उठणार होते. ते असेच उठून गेले असते, तर मला पुढच्याच आठवड्यात माझ्या भाचीच्या फारकतीचा कागद लिहावा लागला असता. आणि कारण या रकान्यात काय लिहायचे? ज्वारी?

अशा वेळी अर्जनवीस कामास येतो. वकील भांडतो, आम्ही तोच मजकूर वेगळ्या सदराखाली घालतो.

"पाव्हणे," मी म्हणालो, "तुम्ही रक्तदाबाची गोळी केव्हा घेता?"

"सकायी. उठल्याबराबर."

"घरातली माणसे जेवण्याच्या आधी?"

"गोळीले जेवन कायले म्हनता? औषध हाये थे."

"बरोबर. आता हे सांगा, सूनबाई सकाळी ताटभर साबुदाणा खातात, ते जेवण आहे का?"

"नाई ना. उपासाचं हाये थे."

"म्हणजे भरलेले ताट जेवण नाही, हे आपणास मान्य आहे. मग यवतमाळच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या दोन भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी हे औषध आहे, असे मानण्यास आपली हरकत काय? सून आपल्या आधी जेवणार नाही. सून आपल्या आधी औषध घेईल."

सासरेबुवांनी टोपी पुन्हा काढली. त्यांनी या मुद्द्याला चारही बाजूंनी हात लावून पाहिला. भोक कुठे सापडत नव्हते, कारण तो मुद्दा त्यांच्याच घरच्या रीतीने विणलेला होता.

"औषध असन तं..." ते म्हणाले. "औषधाले कोन नाई म्हन्ते?"

मला वाटले, प्रकरण निकाली निघाले आणि आता माझे अभिनंदन होईल. पण भाचीचे समाधान झालेले दिसत नव्हते.

"औषध म्हना, नाईतं काई म्हना," ती म्हणाली. "पन थे उभ्यानं घ्याचं औषध नाई. बसून खाईन. अन् लेकरू झालं तरी बंद होनार नाई, नाई झालं तरी बंद होनार नाई. हे आताच आयकून ठेवा, मंग पिसवी बांधतो."

"कितीक दिवसाचं औषध हाये हे?" सासऱ्याने मला विचारले.

"तहहयात," मी म्हणालो. हा शब्द त्यांना सातबाऱ्यावरून चांगला परिचित होता.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली सासू पदर सावरून पुढे सरकली.

"मामा," ती म्हणाली, "मंग मले बी थेच औषध लिवून द्या. दुपारी दोन वाजले का माये डोये फिरतात."

"तुले कोनता आजार हाये व?" सासरेबुवा चमकून म्हणाले.

"जो तिले हाये थोच. फक्त मले आपल्या लग्नापासून हाये."

माझी बहीण आत खो-खो हसली आणि मग तोंडावर हात ठेवल्याचा आवाजही ऐकू आला. सासरेबुवांनी मदतीसाठी आपल्या मुलाकडे पाहिले. जावईबापूंनी थोडा विचार केला आणि त्या दिवशीचे आपले एकमेव वाक्य उच्चारले.

"साडेतीनची गाडी हाये, बाबा. निंगून जाईन."

भाची पिशवी बांधून आली. पिशवीच्या वर तिने ज्वारीची एक थैली ठेवली होती. सासरच्या गावात ती मिळेपर्यंत पुरावी म्हणून. ती उचलायला जावईबापू पुढे झाले, आणि मंडळी निघाली.

मूल झाले का, असे मला आजवर पुष्कळांनी विचारले आहे. कचेरीतल्या कारकुनांनीही विचारले. मी कोणालाही सांगितले नाही आणि येथेही सांगणार नाही, कारण त्यांपैकी एकानेही ती दहा वाजता जेवते का, हे विचारलेले नाही. ज्याला मूळ दाव्यात रस नाही, त्याला निकालाची नक्कल देण्याची आमच्या धंद्यात रीत नाही.

पोळ्यानंतर सासरेबुवा सातबाऱ्याच्या कामासाठी राळेगावला गेले आणि तेथून वाट वाकडी करून मुद्दाम माझ्याकडे आले. माझ्या शेजारी बसले, चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मामा, एक इचारू? हा आजार लागट हाये का?"

"का हो?"

"आमच्या आळीत पसरून राह्यला. आंधी आमच्या घरच्या दोघी. मंग बाजूच्या घरची सून. आता त्यापलीकडच्या दोन. साऱ्यायचे नवरे मले शिव्या देतात, म्हनतात तुमीच आनला यवतमाळातून. कोनाचीच पाळी तं बंद नाई, कोनाचं वजन बी नाई. पन दहा वाजले का साऱ्या औषध घ्यायले बसतात."

मी त्यांना विचारले, की मग तुम्ही पुरुष मंडळी हल्ली केव्हा जेवता.

सासरेबुवांनी कपातला शेवटचा घोट घेतला, इकडेतिकडे कोणी ऐकत नाही ना ते पाहिले आणि म्हणाले, "त्यायचं औषध झालं का, मंग."